माझ्या चित्रातली घागरवाली

गावंडे सर गेल्याचं मला व्हॉट्सअ‍ॅपवर कळलं. अकोल्याच्या घरी सकाळचा चहा गाळत होते, तेवढ्यात अमरावतीच्या जुन्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर जोडलेल्या हातांची रांग लागली. कुणी लिहिलं, सरांनी आम्हाला रंग दिले. कुणी लिहिलं, असा गुरू पुन्हा होणे नाही. मी काहीच लिहिलं नाही. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, आणि चांगलं बोलायला माझी जीभ रेटेना. आता दीड महिना झालाय. पुरवणीसाठी लिहा असा आग्रह झाला, तेव्हा म्हटलं, लिहायचंच तर खरं लिहू.

सर जलरंग शिकवायचे आणि उत्तम शिकवायचे, हे नाकारलं तर माझीच जीभ झडेल. मी मोर्शीची. उन्हाळ्याच्या सुट्टीत अमरावतीला मामांकडे राहून त्यांच्या वर्गाला जायची. वर्ग पहाटे सहाला, कारण मे महिन्यात नऊ वाजले की कागदावर ब्रश टेकेपर्यंत पाणी उडून जायचं. फळी जराशी तिरपी धरायची, वरून रंगाचा ओघळ खाली खाली आणायचा, मध्ये थांबायचं नाही. आधी फिकट, मग गडद. एक पाणी ब्रश धुवायला, एक रंग कालवायला. कागद वाळला का हे बोटानं बघायचं नाही, हाताची पाठ हलकेच टेकवायची. गार लागली तर अजून ओला. आणि पांढऱ्या रंगाची ट्यूब दिसली की सर ती खिडकीबाहेर भिरकावायचे. "पांढरा कागदातच हाय वं, कुंदा! तो लावाचा नसते, राखाचा असते." हे वाक्य मी पुढे नोकरीत शेकडो मुलांना ऐकवलं. कुणाचं आहे ते मात्र कधी सांगितलं नाही.

दहावीच्या सुट्टीत मी आमच्या संत्र्याच्या बागेचं चित्र केलं. दोन झाडांना दोरी बांधून बाबांचं धोतर वाळत घातलेलं. ते धोतर म्हणजे कोरा कागद. भोवतीची पानं रंगवताना दोन दिवस श्वास रोखून ते राखलं होतं मी. जिल्ह्याच्या प्रदर्शनासाठी चित्र सरांकडे दिलं. सरांची एक रीत होती, प्रदर्शनाला जाणाऱ्या प्रत्येक चित्रावर ते शेवटचा हात फिरवायचे. सगळ्याच मास्तरांची तेव्हा ती रीत होती आणि पालकांना त्यात उपकारच वाटायचे. मलाही वाटलं, सावलीबिवली देतील.

प्रदर्शन बघायला बाबा मुद्दाम मोर्शीहून आले. पहिल्या बक्षिसाची चिठ्ठी लावलेल्या माझ्या चित्रासमोर ते बराच वेळ उभे राहिले. मग हळूच म्हणाले, "बाई, माह्यं धोतर कुठी गेलं?"

धोतराच्या जागी लाल लुगड्यातली, डोक्यावर घागर घेतलेली एक बाई उभी होती. आमच्या बागेत असली बाई कधी फिरकली नव्हती. परीक्षकांनी भाषणात तिचंच कौतुक केलं. सर माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "मोकळं मोकळं दिसून राहिलं होतं, म्हणून टाकली." मी बक्षीस घेतलं, त्यांच्या पाया पडले आणि त्या वर्गाची पायरी पुन्हा चढले नाही. पुढे चित्रकलेचीच शिक्षिका झाले, अकोल्यात संसार केला, पण तो राग काही वाळला नाही. मी तो वाळू दिला नाही म्हणा.

शेवटची भेट त्यांच्या मुलाच्या घरी झाली, इथेच, अकोल्यात. मी गेले ती एका वाक्यासाठी. चुकलं माझं, एवढंच ऐकायचं होतं मला, चव्वेचाळीस वर्षांनी का होईना... सरांचा उजवा हात सारखा थरथरत होता. मांडीवरच्या फळीवर अर्धं आभाळ. मला पाहून डोळे लकाकले. "कुंदा! तुह्या चित्रातली ते घागरवाली काय मस्त जमली होती वं!" मग फळी पुढे करून म्हणाले, "माह्या हातानं होत नाही आता. तेवढं आभाळ खाली आणून दे."

मी म्हणाले, "सर, दुसऱ्याच्या चित्राला मी हात लावत नाही."

"काहून?" त्यांनी विचारलं. खरंच विचारलं. त्यांना काही म्हणजे काही कळलं नव्हतं. मी चहा न घेता उठले. एका थरथरत्या म्हाताऱ्याला चार बोटं आभाळ नाकारून आले, आणि रिक्षात बसल्यावर मला बरं वाटलं, हेही लिहून ठेवते.

निवृत्तीनंतर मी रविवारी सकाळी घरीच शिकवते. सगळ्या नवशिक्या, सगळ्या पन्नाशीपुढच्या. परवा शोभाताई त्यांच्या अंजनगावच्या माहेरचं अंगण रंगवत होत्या. अंगणाचा मोठा तुकडा त्यांनी कोराच ठेवला होता. मी मागे उभी राहून कागदाला हाताची पाठ लावली, वाळला होता. अहो, इथे काहीतरी हवं, असं म्हणेपर्यंत त्यांचा ब्रश माझ्या हातात आला होता आणि अंगणात तुळशीवृंदावन उभं राहिलं होतं. छान जमलं. बाकीच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या.

शोभाताई चित्राकडे पाहत राहिल्या. मग पेन्सिल माझ्यापुढे धरून अगदी प्रेमानं म्हणाल्या, "बाई, आता खाली नावही तुमीच टाका."