अहो, आत चला

मांजर पाळलं की फोनमध्ये फोटो साठतात, असं मांजरवाले लोक सांगतात. आमच्या फोनमध्ये बरेच दिवस एकही फोटो नव्हता, कारण मांजर दिसायचंच नाही. किस्से मात्र साठत गेले. आता डार्मश्टाटच्या मराठी मंडळींत कुठेही जेवायला गेलो की ताटं घ्यायच्या आधी कुणीतरी म्हणतं, "तुमच्या बोक्याचं सांग ना." आमची तब्येत, नोकऱ्या, मुलीची शाळा याची चौकशी नंतर होते. कधीकधी राहूनही जाते.

तर सांगते.

* * *

मांजर हवं होतं ते ईराला. ईरा आमची मुलगी, आठ वर्षांची, इथेच जन्मलेली. मराठी सगळं कळतं, उत्तर जर्मनमध्ये. ती, मी आणि माझा नवरा निखिल असे तिघं टीअरहाइममध्ये, म्हणजे बेवारशी प्राण्यांच्या आश्रमात गेलो. तिथल्या फ्राउ लिंडनर आम्हाला पिल्लं दाखवत होत्या आणि ईरा भलत्याच पिंजऱ्यासमोर जाऊन उभी राहिली. आत एक करडा बोका भिंतीकडे तोंड करून बसला होता. एक कान फाटलेला, मागचा पाय मोडून वाकडाच जुळलेला.

फ्राउ लिंडनर म्हणाल्या, हा शहराबाहेरच्या बागांमध्ये वाढलाय. माणसाचा हात त्याला माहीत नाही. या पायाने बाहेर राहिला तर पुढचा हिवाळा काही काढायचा नाही, आणि घर म्हणजे काय हे त्याला ठाऊक नाही.

निखिलने जपून विचारलं, की हा माणसाळेल ना?

त्यांनी प्रामाणिकपणे विचार केला. "कदाचित नाही," त्या म्हणाल्या.

ईरा म्हणाली, "डेन नेमेन वीर."

हाच घेऊ या.

* * *

इथे मांजर असं पिशवीत घालून घरी आणता येत नाही. आधी ते लोक घर बघायला येतात. मुलीकडचे स्थळ बघायला येतात तशा फ्राउ लिंडनर आल्या. चहा नको म्हणाल्या. सोफ्याखाली वाकून बघितलं. वरून तिरक्या उघडणाऱ्या खिडक्यांत मांजराची मान अडकते, म्हणून सगळ्या खिडक्यांना जाळ्या लावायला सांगितल्या. मग समोर बसून विचारलं, तुम्ही घरात मोठ्याने बोलता का? या बोक्याला आवाजाची फार भीती आहे.

निखिल अगदी हळू आवाजात नाही म्हणाला.

तेवढ्यात साताऱ्याहून बाबांचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा फोन आला. निखिल पॅसेजमध्ये गेला, दार लावून घेतलं आणि बोलला. पाऊस कसा आहे, गुडघा कसा आहे, मोटर दुरुस्त झाली का. आम्हाला सगळं ऐकू आलं. खालच्या मजल्यावरही गेलं असणार.

तो परत आल्यावर फ्राउ लिंडनरनी शांतपणे विचारलं, "हे मोठ्याने नव्हतं?"

निखिल म्हणाला, "सातारा लांब आहे."

तरीही बोका मिळाला. पण अट होती. उन्हाळ्यापर्यंत तो नीट खाऊ-पिऊ लागला, घरात रुळला, तर आमचा. नाहीतर परत.

* * *

आल्या दिवशी त्याला पाहुण्यांच्या खोलीत ठेवलं. ज्यातून आणला त्या डब्याचं दार उघडलं आणि सांगितल्याप्रमाणे बाहेर येऊन खोलीचं दार लावलं. संध्याकाळी हळूच जाऊन बघितलं तर डबा रिकामा. खोलीत एक सोफा-बेड, एक कपाट, एक टेबल, खिडकीशी एक कुंडी. खिडकी बंद. बोका नाही.

निखिल मेकॅनिकल इंजिनियर आहे. त्याने आधी कपाट सरकवलं. मग टूलबॉक्स आणला आणि सोफा-बेड खोलायला घेतला. पाठ काढली, हात काढले, स्प्रिंगा मोकळ्या केल्या. तेव्हा मला खालच्या अस्तराला पडलेलं एक भोक दिसलं आणि त्या भोकात दोन डोळे. निखिल तासभर ज्याच्यावर ओणवा होऊन स्क्रू काढत होता, त्याच्या आत बोका बसला होता.

मी फ्राउ लिंडनरना फोन केला. त्या म्हणाल्या, मिळाला ना, मग आता सगळं होतं तसं ठेवा.

सोफा-बेड परत जोडताना चार स्क्रू उरले. तेव्हापासून त्यावर जड पाहुण्यांना आम्ही बसवत नाही.

* * *

त्यानंतर बोका आहे याचा पुरावा म्हणजे सकाळी रिकामी झालेली ताटली. आणि दुसरा पुरावा. त्या दुसऱ्यासाठी आणलेल्या महागड्या पांढऱ्या वाळूकडे त्याने ढुंकून बघितलं नाही. जन्मभर मातीत वावरलेला प्राणी, त्याला माती हवी होती. त्या खोलीत माती एकाच ठिकाणी होती, माझ्या कढीपत्त्याच्या कुंडीत.

परदेशात ज्यांनी कढीपत्ता जगवलाय त्यांना हे किती लागतं ते वेगळं सांगायला नको. ते रोप मी सुटकेसमध्ये ओल्या कापडात गुंडाळून आणलेलं होतं. हिवाळ्यात त्याला मी हीटरपाशी ठेवायचे, निखिलला नाही. मी कुंडी हलवली तर बोक्याने सगळंच बंद केलं. फ्राउ लिंडनर काळजीने म्हणाल्या, की हे धोक्याचं आहे, ती कुंडी ताबडतोब परत ठेवा. मी ठेवली. मग त्यातली थोडी थोडी माती वाळूत मिसळत गेले, तेव्हा कुठे साहेबांनी वाळू मान्य केली.

त्या वर्षी कढीपत्ता असा काही फोफावला की विचारू नका. बघायला आलेल्या मैत्रिणी विचारायच्या, खत कुठलं वापरतेस?

मी "घरगुती" म्हणायचे. पानं मात्र कुणाला दिली नाहीत.

* * *

फ्राउ लिंडनरची पुढची सूचना अशी होती, की रोज त्याच्या खोलीत जाऊन बसा. त्याच्याकडे पाठ करा आणि एका सुरात काहीतरी मोठ्याने वाचा. त्याला तुमच्या आवाजाची सवय होऊ दे.

पहिली पाळी निखिलची. वाचायला हाताशी ऑफिसचं काम होतं. त्याने एका गिअरबॉक्सच्या टेस्टिंगचा रिपोर्ट वाचला, आकृत्यांसकट. बोका होता त्याहून आत गेला.

निखिल बाहेर येऊन म्हणाला, "मीटिंगमध्येही हेच होतं."

* * *

मग सासूबाई आल्या. आई पहिल्यांदाच जर्मनीला आल्या होत्या, आणि त्यांच्यापुढे मोठी अडचण होती. नात समोर, पण बोलायचं कसं? आई मराठीत विचारायच्या, ईरा जर्मनमध्ये सांगायची. दोघी एकमेकींकडे बघून हसायच्या, आणि विषय तिथे संपायचा. आईंना त्याचं वाईट वाटत होतं. त्या बोलल्या नाहीत, पण मला दिसत होतं. दुपारी आम्ही कामावर, ईरा शाळेत, आणि बाहेर सगळं चिडीचूप.

त्यांनी आपणहून बोक्याची पाळी मागून घेतली. फरसबीची परडी घेऊन त्या खोलीत जायच्या, त्याच्याकडे पाठ करून बसायच्या आणि शेंगा मोडत मोडत बोलायच्या. वाचायच्या नाहीत. बोलायच्या. पहिल्या दिवशी दाराबाहेरून मी ऐकलं, "अहो, जेवून घ्या. तुमच्यासाठी ठेवलंय."

त्या बाहेर आल्यावर मी विचारलं, की आई, बोक्याला अहो?

"ओळख कुठे आहे अजून," आई म्हणाल्या. "एकदम अरेतुरे कसं करायचं?"

आश्रमातल्या कागदांवर त्याचं नाव मोरित्झ होतं. त्या नावाला त्याने कधी कानही हलवला नव्हता. अहोला त्याने मान वळवली. मग आमचा इलाज खुंटला, कागदांवरही तेच नाव लागलं. लसीला घेऊन गेलो तेव्हा डॉक्टरकडच्या बाईंनी आत बोलवायला पत्र्यासारख्या खणखणीत आवाजात पुकारलं, "आहो कुलकर्णी, बिटे!" आईंनी आयुष्यात तो शब्द आडनावासकट चारचौघांत ऐकला नव्हता. त्यांनी पदर सारखा केला आणि खिडकीबाहेर बघत बसल्या.

त्याच आठवड्यात बाबांशी व्हिडिओ कॉल चालू होता. बाबा नेहमीप्रमाणे पेपरात डोकं घालून हूं हूं करत होते. आई जरा जोरात म्हणाल्या, "अहो, ऐकताय ना?"

सोफ्याखालून बोका निघाला आणि त्यांच्या पुढ्यात येऊन बसला.

बाबांनी चष्मा वर करून बराच वेळ स्क्रीनकडे बघितलं. मग विचारलं, "याला काय खायला घालतेस?"

* * *

आई त्याला जे सांगायच्या त्यात गोष्टबिष्ट काही नव्हती. घरचंच असायचं. कुणाची मुंज, कुणाचा रुसवा, कुणी कुणाला काय म्हटलं. निखिलचे धाकटे काका आमच्या लग्नाला आले नव्हते. का, ते आम्हाला कुणी कधी सांगितलं नाही, आणि विचारायची सोय नव्हती. इतकी वर्षं निखिललाही ते माहीत नव्हतं. बोक्याला मात्र माहीत होतं.

मी आणि निखिल पॅसेजमध्ये कपडे वाळत घालायचं निमित्त करून उभे राहायला लागलो. ईरा तर शाळेतून आली की दप्तर टाकून थेट दाराला कान लावून जमिनीवर बसायची. एकदा आतून आई थांबल्या, आणि बराच वेळ काहीच आवाज नाही. ईराने न राहवून दार किलकिलं केलं आणि विचारलं, "उंट दान?"

मग काय झालं?

आईंना जर्मन येत नाही. पण त्यांनी बरोबर पुढचं सांगायला घेतलं.

* * *

आई साताऱ्याला परत गेल्या आणि पंधरवड्यात ते झालं. पार्सल आलं, मी सही करायला दारात उभी, आणि माझ्या पायाजवळून काहीतरी करडं निसटलं. जिन्यावरून खाली, मागच्या दाराने अंगणात. सायकलींच्या शेडखाली लाकडं रचलेली आहेत, त्यांच्या मागे तो शिरला. बाहेर गोठवणारी थंडी होती.

मी आणि निखिल दोघंही खाली धावलो. निखिल लाकडं उपसायला लागला. मी फ्राउ लिंडनरना फोन लावला, तर त्या जवळजवळ रागावल्याच. एकही लाकूड हलवू नका, तो तिथून पळाला तर कायमचा जाईल. एकानेच बसा, जवळ जाऊ नका, आणि रोज बोलता तसं बोला.

रोज बोलणारं माणूस साताऱ्याला होतं. ईरा जाकीट घालून आली, आम्हाला वर जायला सांगितलं आणि शेडसमोरच्या पायरीवर पाठ करून बसली.

मी स्वयंपाकघराची खिडकी जाळीपुरती उघडून ऐकत होते. मग ईराचा आवाज आला. आईंचाच हेल.

"अहो, आत चला. बाहेर थंडी आहे. जेवण तयार आहे." जरा थांबली. "तुम्हाला कोणी काही बोललं का?"

त्या मुलीच्या तोंडून मी तोवर सलग दोन मराठी वाक्यं ऐकली नव्हती. निखिल माझ्यामागे उभा होता. त्याने खिडकीची कड धरली.

अंधार पडायच्या सुमाराला ती वर आली. पुढे बोका, लंगडत, मागे ही, बरंच अंतर ठेवून. मी दार लावलं. मला तिला जवळ घ्यायचं होतं, पण ती मोजे काढत होती.

"इश हाबे हुंगर," ती म्हणाली.

भूक लागली होती.

* * *

त्यानंतर उन्हाळा आला. फ्राउ लिंडनरनी फोनवर सगळी चौकशी केली आणि बोका आमचा झाला. पण हात लावू द्यायचा नाही. आमच्यासमोर खायचा, आमच्यासमोर झोपायचा, कुणी हात पुढे केला की नाहीसा. आम्ही ते मान्य करून टाकलं होतं.

मग एकदा बाथरूममधली हाइत्सुंग, म्हणजे पाणी तापवायची यंत्रणा, बिघडली. गरम पाणी येईना. दुरुस्तीला एक अवाढव्य माणूस आला. जाड बूट, दाढी, पाऊल टाकलं की फरशी वाजायची. मी बोक्याला बघायला गेले तर तो खोलीत नव्हता. कुठेतरी लपला असेल म्हणून सोडून दिलं. तो माणूस बेसिनखाली उताणा पडून काम करत होता. थोड्या वेळाने खाटखूट थांबली, आणि माफ करा म्हणावं तशी अगदी हळू हाक आली, "एंटशुल्डिगुंग?"

आम्ही तिघं बाथरूमच्या दारात जाऊन उभे राहिलो. बोका त्याच्या छातीवर होता. चारही पाय पोटाखाली घेऊन, डोळे मिटून. त्या माणसाचे दोन्ही हात पान्ह्यासकट हवेत होते.

त्याने कुजबुजत विचारलं, की काम झालंय, आता मी उठू का?

"बिटे निश्ट," ईरा म्हणाली. प्लीज, नको.

तो उठला नाही. ईरा गुडघ्यांवर सरकत त्याच्याजवळ गेली आणि बोक्याच्या पाठीवर एक बोट ठेवलं. मग दुसरं. बोक्याने एक डोळा उघडला आणि मिटला.

तेवढ्यात त्या माणसाच्या खिशातला फोन वाजायला लागला. निखिलने वाकून तो अलगद काढला, स्पीकरवर टाकला आणि त्याच्या कानाशी धरला. त्याच्या ऑफिसमधल्या बाई होत्या. आवाज करडा. त्यांनी विचारलं, हाइत्सुंग झाली का?

"झाली."

"मग अजून तिथे काय करताय?"

"माझ्या अंगावर मांजर झोपलंय."

पलीकडून कीबोर्डची टकटक ऐकू आली.

"गूट, ठीक आहे," बाई म्हणाल्या. "पुढच्या गिऱ्हाइकाला मी उद्याची वेळ देते."