दाजींचं लाल हेल्मेट

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. म्हणजे — एकदा सांगितलं होतं, पण ते सांगणं मी धरत नाही. का धरत नाही, ते पुढे येईलच.

माजलगावात आमचं दुकान. वडिलांच्या काळात तिथे रेक्झिन आणि ताडपत्री मिळायची. नव्वदनंतर जिकडे तिकडे शंभर सीसीच्या नव्या मोटारसायकली फिरायला लागल्या, तसा मी माल बदलला. रेनसूट, जर्किन, हातमोजे, गॉगल, हेल्मेट. गाडीवाल्याला डोक्यापासून पायापर्यंत सजवून द्यायचं काम माझं. आणि खोटं कशाला बोलू, त्यात माझा हात धरणारा तालुक्यात कुणी नव्हता.

गिऱ्हाईक काळा रेनसूट मागायचं, मी पिवळा काढायचो. काळा दिसायला ऐटबाज, पण पावसात समोरच्या ट्रकवाल्याला तो दिसतच नाही, मग ऐट कुणाला दाखवायची? सूट एक माप मोठा घ्यायचा, म्हणजे गाडीवर बसल्यावर गुडघ्यात ताणत नाही. थंडीत जर्किनच्या आत, छातीवर, वर्तमानपत्राची घडी. उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचा सदरा, हेल्मेटखाली ओला रुमाल आणि खिशात कांदा. हेल्मेटला दिवसा काळी काच चालते, दिवेलागणीनंतर पांढरीच हवी. हे सगळं मी गिऱ्हाइकाला न विचारता सांगायचो. शेवटी हेल्मेट हातात देताना एक वाक्य ठरलेलं — "एकदा आपटलं की हे हेल्मेट नाही, बादली समजायची. मग नवं घ्यायचं." हे मला औरंगाबादच्या ठोक व्यापाऱ्यानं शिकवलं होतं. आतला थर्माकोल एकदाच मार खातो. एकदा दबला की पुन्हा उभा राहत नाही.

हे वाक्य लक्षात ठेवा. मी ते शेकडो लोकांना ऐकवलं आहे. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण — असं म्हणतात ना, ते माझ्याबद्दलच.

एकदा ट्रकनं मांजरसुंब्याला एका धाब्यावर उतरवलेला माल आणायला मी स्कूटरवर निघालो. जाताना शेल्फावरचं एक कोरं लाल हेल्मेट डोक्यात घातलं. परत येताना रस्त्यावर डिझेल सांडलेलं होतं. स्कूटर घसरली, मी आडवा झालो आणि डोक्याची डावी बाजू कडेच्या दगडावर आपटली. मला खरचटलंसुद्धा नाही. दुकानात येऊन पाहिलं, तर हेल्मेटच्या डाव्या अंगाला चार बोटं रुंद ओरखडा. आतला थर्माकोल तिथे चेपलेला, आणि तिथून काठापर्यंत केसाएवढी बारीक चीर.

म्हणजे बादली. फेकून द्यायला हवं होतं. मी काय केलं? ओरखड्यावर त्रिशूळ-डमरूचं एक मोठं स्टिकर चिकटवलं आणि हेल्मेट वरच्या फळीवर ठेवून दिलं. कशासाठी? तेव्हा मनात काही नव्हतं, असं म्हणवत नाही. काही नसतं, तर स्टिकर कशाला लावलं असतं?

आता दाजींबद्दल सांगतो. दाजी म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचे, सुमनचे यजमान. राहणार दिंद्रुडचे. साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात स्लिपबॉय होते — कुणाचा ऊस कधी तोडायचा त्याच्या स्लिपा घेऊन गावोगाव फिरायचं. ऊन असो, पाऊस असो, दिवसभर गाडीवर. माणूस सरळ, बोलका, कुणाचं वाईट न चिंतणारा. ती गाडी आमच्या वडिलांनी लग्नात दिलेली. कोरी करकरीत. आणि मी, दुकान चालवणारा पोरगा, वडिलांची जुनी स्कूटर ढकलत होतो. मी जळत होतो. दुसरा शब्द शोधायचा प्रयत्न केला, सापडला नाही.

त्या वर्षी धोंड्याचा महिना ऐन पावसाळ्यात आला. जावयाला जेवायला बोलवायचं, धोंडे खाऊ घालायचे, वाण द्यायचं. वडील म्हणाले, ताटं-वाट्या देण्यापेक्षा आपल्या दुकानातला सगळा साज द्या, पोरीचं कुंकू त्या गाडीवर फिरतंय. बोलले ते खरंच होतं. मी साज काढला. पिवळा रेनसूट, एक माप मोठा. चांगल्यातलं जर्किन. हातमोजे. गॉगल. सगळं पारखून, शिवण ओढून बघून.

हेल्मेटं दोनच उरली होती. एक काळं, निर्दोष. आणि ते लाल. काळं मी स्वतःसाठी बाजूला ठेवलं होतं — मांजरसुंब्याला आपटल्यापासून मला रस्त्याची भीती बसली होती. चांगलं माझ्या डोक्याला ठेवलं, फुटकं बहिणीच्या नवऱ्याच्या डोक्याला दिलं. हे एवढंच आहे. एवढ्या एका वाक्यासाठी मी तुम्हाला इतक्या लांबून फिरवून आणलं.

दाजींनी जेवणाआधीच ते घालून पाहिलं आणि आरशापुढे उभे राहिले. "मेव्हणे, ह्ये घालून मी लई साहेब दिसतोय बगा," म्हणाले. सगळे हसले. मीही हसलो आणि त्यांना कोणत्या ऋतूत काय घालायचं ते समजावून सांगितलं. सगळं सांगितलं, ते ठरलेलं एक वाक्य सोडून.

मनाशी म्हटलं, आपल्याकडे हेल्मेट घालतं कोण? लोक आरशाला अडकवतात. शिवाय पुढच्या आठवड्यात नवा माल आला की बदलून देऊ. नवा माल आला. आठ हेल्मेटं शेल्फावर ओळीनं उभी राहिली. आणि मी काय म्हणून बदलून देणार होतो? दाजी विचारणार, का हो, ह्याला काय झालं? मग मी काय सांगणार? आठवडे गेले, महिने गेले. दाजी दुकानात यायचे ते लाल हेल्मेट घालूनच यायचे, कारण मेव्हण्यानं प्रेमानं दिलं होतं. दरवेळी मी त्या स्टिकरकडे बघायचो आणि चहा मागवायचो.

पौषात एका सकाळी दाट धुकं पडलं होतं. रस्त्याच्या कडेला उसानं भरलेली बैलगाडी उभी होती, ती दाजींना अगदी जवळ गेल्यावर दिसली. डोकं डाव्या बाजूनं गाडीच्या लाकडावर आदळलं.

अंबाजोगाईच्या दवाखान्यात मी पोचलो, तेव्हा सुमन हेल्मेट मांडीवर घेऊन बसली होती. ते त्याच चिरेवरून उकललं होतं. डॉक्टरांनी ते हातात घेतलं, फिरवून पाहिलं आणि मला विचारलं, हे जुनं होतं का, आधी कधी पडलं होतं का? सुमन माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, "नाही. नवं कोरं होतं. मीच दिलंय." डॉक्टर म्हणाले, असो, डोक्यात हेल्मेट नसतं तर माणूस गेला असता.

सुमननं तेवढंच ऐकलं. माझे पाय धरले तिनं. माझे.

दाजी वाचले. हातमोज्यांनी हात वाचवले, जर्किननं छाती वाचवली, मी दिलेल्या प्रत्येक चांगल्या वस्तूनं आपापलं काम केलं. डावा कान मात्र कायमचा गेला. आणि शब्द गेले. ओळखीच्या माणसाचं नाव जिभेवर येत नाही, लेकीला सुमन म्हणून हाक मारतात, मग स्वतःच ओशाळतात. स्लिपांवर चुकीची नावं पडायला लागली, तेव्हा कारखान्यानं त्यांना फाटकावर बसवलं. एवढा बोलका माणूस आता येणाऱ्या-जाणाऱ्याला नुसता हात करतो.

चांगलं हेल्मेट असतं तर कान वाचला असता का? मला माहीत नाही. नसताही वाचला. पण ते माहीत नसणं हीसुद्धा माझीच करणी आहे.

पुढे काय झालं ते ऐका. मार नेमका त्रिशुळाच्या स्टिकरवर बसला होता. दाजींच्या आईनं ते पाहिलं आणि म्हणाली, वैजनाथानं मार आपल्यावर घेतला. झालं. दाजी दुकानात यायचे आणि गिऱ्हाइकांसमोर मला हात जोडायचे — "यान्ला इचारा. यान्नी टोप दिला न्हाई तं म्या आज भितीवरच्या फोटूत असतो." लोक ऐकायचे आणि हेल्मेट घ्यायचे. पुढच्या दोन वर्षांत मी जितकी हेल्मेटं विकली, तितकी आधी कधी विकली नव्हती. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. माझी उघडायची सोयच उरली नाही.

मग दाजींचा धाकटा भाऊ शिवा, त्यानं गाडी घेतली. मी नवं हेल्मेट घेऊन दिंद्रुडला गेलो, तर तो म्हणाला नको, मला दादाचंच पाहिजे, त्याला गुण आहे. त्यानं उकललेला भाग आतून चिकटपट्टीनं सांधूनही घेतला होता. आता तरी बोलायचं होतं की नाही? घरातली सगळी माणसं समोर होती, पुढे तरणं पोरगं होतं. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं.

मी म्हणालो, "ती देवाची वस्तू झाली, ती डोक्यात घालू नये."

सुमनच्या सासूबाईंना ते लगेच पटलं. "ह्याला देवाचा हात लागलाय," म्हणाल्या आणि हेल्मेट देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर गेलं. शिवानं माझं नवं घेतलं. पोरगं वाचवलं म्हणून मी सुटलो का? उलट दाराला आतून आणखी एक कडी लावली, तीही माझ्याच हातानं. आता खंडेनवमीला खुरपी-विळ्यांबरोबर ते लाल हेल्मेट पुजलं जातं. सुमन त्याला कुंकू लावते, झेंडूचं फूल वाहते. मग मला म्हणते, दादा, तू पण वाहा. मी वाहतो. दरवर्षी वाहतो.

आता ते एकदाचं सांगणं. गेल्या खंडेनवमीला पूजा झाली, बायका आत गेल्या. ओसरीवर दाजी आणि मी दोघंच. मी नेहमी त्यांच्या डाव्या बाजूला बसतो. बरीच वर्षं बसतो, कुणाच्या लक्षात आलेलं नाही. त्या दिवशी मी त्यांच्या डाव्या कानाजवळ तोंड नेलं आणि हळूच बोललो — "दाजी, ते हेल्मेट आदीच फुटलेलं व्हतं. मला ठावं व्हतं."

त्यांना माझा श्वास लागला असावा. ते वळले, हसले. डोकं फिरवून उजवा कान माझ्यापुढे केला आणि म्हणाले, "काय म्हन्लात मेव्हणे? ह्या कानात सांगा."

चांगला कान माझ्या तोंडाजवळ होता. ते थांबले होते.

"काय न्हाई," मी म्हणालो, "चा झाला का म्हन्लं."

दाजींनी आत हाक मारली. सुमनचं नाव त्यांना लगेच आठवलं नाही, थोडा वेळ गेला. मग चहा आला. मी तो सगळा प्यालो.