चुंबळीवरची अंडी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, ज्यांच्यासोबत घोषणा दिल्या त्या मित्रांना तर नाहीच. तुम्हाला सांगते — आणि गंमत बघा, सांगायला बसले की आधी हसूच येतं. कारण ते दिवस फार मजेचे होते.

नवीन पनवेलमधल्या एका किराणा दुकानासाठी मी रोबोट बनवत होते. गिऱ्हाइकाने फोनवर यादी पाठवायची, गाडी दुकानासमोर उभी करायची, आणि रोबोटने सामान आतून गाडीपर्यंत आणून द्यायचं. कमरेएवढा, चार चाकांचा, वर ट्रे. पण मधला फुटपाथ पेव्हर ब्लॉकचा! पठ्ठ्या खडखडत निघायचा आणि गाडीपाशी पोचेपर्यंत अंड्यांचं आम्लेट. मी स्प्रिंगा बदलल्या, चाकं बदलली, वेग निम्मा केला. अंडी फुटतच राहिली.

सुमनमावशी दुकानात पिशव्या भरायची. नेऱ्याच्या पलीकडच्या वाडीतून यायची. जन्मभर डोक्यावरून विटा, लाकडं, पाणी वाहिलेली बाई. एक दिवस माझी फजिती बघून ती हसतच सुटली. "अगो बाय, उघड्या डोक्यावर कोन हंडा ठेवतो काय? तुज्या गाड्याला चुंबळ नाय!" आणि जुन्या साडीचा पट्टा पिळून, गोल वळून, तिने ट्रेखाली बसवला.

डझनभर अंडी. एकही फुटलं नाही. आम्ही दोघी फुटपाथवर नाचलो — खरंच नाचलो, रिक्षावाले बघत होते.

इथून पुढे जीभ अडते. माझं घर चळवळीचं, मोर्च्यांच्या पत्रकांचं. उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर मी गणितं सोडवली, आणि छापलेली बाजू पाठ केली. राबणाऱ्याचं श्रेय लाटतो तो चोर — हे तर मी स्वतः लिहिलंय, चौकात उभी राहून वाटलंय. मग सांगा, त्या दिवशी मला काय झालं?

दुकानाच्या मालकांनी सगळ्यांसमोर विचारलं, ही युक्ती कुणाची? मी म्हटलं, माझी. कुणी दरडावलं नव्हतं. कसली भीतीही नव्हती. टाळ्या हव्या होत्या — मिळाल्या. खारघरच्या नव्या दुकानासाठी आणखी रोबोट बनवायचं कामही मिळालं. मावशी तेव्हा आत पिशव्या भरत होती.

एवढ्यावर थांबले असते तरी — नाही, ऐका. संध्याकाळी मावशीने विचारलं, "सांगितलंस ना गो सगल्यांना, चुंबळ माजी म्हून?"

आणि मी, तिच्या डोळ्यांत बघून म्हटलं, "हो मावशी. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या."

काय फुलली ती! रविवारी वाडीतल्या सात-आठ बायकांना घेऊन आली. रोबोट ट्रे घेऊन निघाला तशा त्या त्याच्या मागे मागे, पदर तोंडाला लावून. एका म्हातारीने त्याला कुंकू लावलं. दुसरी म्हणाली, "सुमने, तू तं इंजिनेर झालीस, आता आमाला वलखशील काय?" सगळ्या खिदळल्या. मीही खिदळले. खरं सांगायला तेव्हाही वेळ होता — होता ना?

निघताना त्यांनी पळसाच्या पानात बांधून आणलेली करवंदं माझ्या हातात दिली. सुमनचं नाव मोठं केलं म्हणून.

गोड होती. मी सगळी खाल्ली.