जिन्यातली पॉलिश

पावर हाउस भागातल्या माझ्या मुलांसाठीच्या अभ्यासिकेचं काम करणारा पॉलिश मिस्त्री बोलता बोलता फळीवरून उलटा हात फिरवायचा, तापलेल्या लेकराच्या कपाळावरून फिरवावा तसा. जिन्यातल्या भिंतींच्या लाकडी फळ्यांना मी आरशासारखी चमक मागितली होती. चार दिवस खपून त्याने ती आणली. पाचव्या दिवशी मला गच्चीवर नेऊन त्याने तीच पॉलिश केलेल्या फळीच्या एका तुकड्याला काडी लावली. तुकडा भडकला. दुसऱ्या तुकड्यावर आगरोधक लेप होता. तो नुसता काळा पडला आणि विझला.

"पाहून राहिल्या ना मॅडम? खाली उतराले जिना एकच हाये. लेकरं जातीन कुठून?"

"पण तुमची चार दिवसांची मेहनत?"

"माहीच हाये ना. मीच घासतो."

त्याने सगळी चमक घासून काढली आणि निस्तेज दिसणारा तो लेप दिला. मी थोडी हिरमुसले होते, खोटं कशाला सांगू?

उद्घाटनाला जिना चढताना एका पाहुण्यांनी विचारलं, "पॉलिश राहिली वाटतं?"

मी तोंड उघडण्याआधी मिस्त्री चहाचा कप हातात घेऊन समाधानाने म्हणाला, "नाही जी, झाली पूर्ण."