पुडीमास्तर

जगात सगळीकडे दुरुस्तीवाला बिघडलेली वस्तू घेतो आणि चालती करून परत देतो. कोल्हापुरात, लक्ष्मीपुरीतल्या आमच्या बोळात एक माणूस वस्तूबरोबर तिचा बिघाडही परत द्यायचा. एका हातात रेडिओ, दुसऱ्या हातात कागदाची पुडी. "ही वस्तू तुमची अन् हा बिघाडबी तुमचाच. मी ठेवून काय करू?" जळका कपॅसिटर असो, टेपचा तुटका पट्टा असो की व्हीसीआरमध्ये संसार थाटलेलं झुरळ असो, सगळं पुडीतून घरी जायचं. एका पावण्याच्या टीव्हीतून पालीची सहा अंडी निघाली. तीही बांधून दिली आणि वर सांगितलं, "सावकाश न्या पावणं, आत बाळं हायत." त्यांचं खरं नाव त्यांच्या रेशनकार्डालाच ठाऊक होतं. बाकी सगळा गाव त्यांना पुडीमास्तर म्हणायचा.

पुडीचा कागद माझ्याकडचा. शेजारीच माझा लग्नपत्रिकांचा छापखाना होता आणि नव्वदच्या दशकात जिल्ह्यातल्या निम्म्या नवरदेवांची नावं मी चुकीची छापली, असं लोक म्हणतात. ते खोटं आहे. निम्म्याहून जास्त होती. त्या रद्द पत्रिका मास्तर उचलून नेत. त्यामुळे गिऱ्हाइकाला झुरळ मिळे ते 'आमच्या येथे श्रीकृपेकरून' अशा मंगल अक्षरांत गुंडाळून.

दुकान कसलं, दोन इमारती एकमेकींशी फटकून उभ्या राहिल्या तेव्हा मधे उरलेली फट ती. मास्तरांनी खोल श्वास घेतला की गिऱ्हाइकाला रस्त्यावर सरकावं लागे. आत एक टेबल, मास्तरांची खुर्ची, गिऱ्हाइकाचं स्टूल आणि भिंतीवर ओळीनं लावलेले पेचकस. खंडेनवमीला सगळा गाव आपापल्या हत्यारांना हळदकुंकू लावतो, अगदी माझं छपाईयंत्रही त्या दिवशी नवरीसारखं सजतं. मास्तरांच्या पेचकसांना कुंकू कधी लागलं नाही. ते बौद्ध. दसऱ्याला दुकान बंद ठेवून पांढरेशुभ्र कपडे घालून विहारात जात आणि दुसऱ्या दिवशी फडक्यानं हत्यारं पुसून कामाला बसत.

कुठलंही यंत्र आलं की ते आधी मालकाला वापरून दाखवायला लावत. "बिघाड घरात राहतो. यंत्रात नुसता मुक्कामाला येतो," हे त्यांचं शास्त्र. आणि कारण सांगितल्याशिवाय वस्तू हातातून सोडत नसत. "कारण न सांगता चालू केलं तर ती जादू झाली. जादूवाला पलीकडच्या बोळात बसतो." या कारणापायी ते कुणाचीही भीड ठेवत नसत. एका फौजदारसाहेबांना चार शिपायांदेखत म्हणाले होते, "टेप झ्याक हाय साहेब. सेल उलटं घातलंय तुमी." खोटं बोलणं म्हणजे काय हे त्यांना शिकवायला मी वीस वर्षं शेजारी बसलो. उपयोग झाला नाही. एकदाच झाला, तो असा.

दोन हजार साल मागं पडलं होतं. दसरा होऊन आठवडा झाला असेल. बोळाच्या तोंडाशी जीप थांबली आणि इचलकरंजीचे बापूसाहेब उतरले. चाळीस यंत्रमागांचे मालक. त्यांच्या अमेरिकेतल्या पोरानं घरी होम थिएटर बसवून दिलं होतं. ते लागलं की पंचगंगेला लाटा येत आणि खाली कुरुंदवाडात संगमावर धुणं धुणाऱ्या बायका म्हणत, "बापूसाहेबांनी पिक्चर लावला वाटतं." त्या थिएटरचा रिमोट बापूसाहेबांनी टेबलावर ठेवला. पाटीएवढा, बटण एकही नाही, नुसता पडदा. त्यावर चित्रं उमटायची आणि चित्राला बोट लावलं की काम व्हायचं.

"वापरून दाखवा," मास्तर म्हणाले.

"काय दाखवू? आवाज वाढवाय गेलं तर बंद. चॅनेल बदलाय गेलं तर बंद. हिरोनं बंदूक उचलली की हॉलमधी अंधार!"

बापूसाहेबांच्या मागून त्यांची आई उतरली. सगळे तिला अव्वा म्हणत. अंबाबाईला निघाली होती. मास्तरांनी स्टूल पुढं केलं, तशी ती अंग चोरून बसली.

"दसऱ्यापतूर पळत हुतं," बापूसाहेबांनी आवाज खाली आणला. म्हणजे आता तो फक्त स्टेशनापर्यंत ऐकू जात होता. "आमच्या मंडळी म्हणत्यात, अव्वानं खंडेपूजेला ह्याचीबी पूजा केली, तवापासनं बिघडलं. तसं असंल तर सांगा. फुडल्या वर्षापासनं ताट तिच्या हातात देत न्हाय. गुरुजी बोलवतो. उद्या चालू मागात कायतरी टाकंल ती!"

"सासऱ्यानं पयला माग घातला, तवापासनं ताट माझ्याच हातात हाय," अव्वा मास्तरांकडं बघत म्हणाली. "पर माझ्यामुळं झालं असंल तर तसं सांग बाबा. मी शिवायची न्हाय."

सांगताना तिनं पदराचं टोक मुठीत एवढं आवळलं होतं, की बोटं पांढरी पडली. मास्तरांनी ती बोटं नीट बघून घेतली. मग रिमोट उघडला.

माझी मान उंटाच्या घराण्यातली. मी मास्तरांच्या खांद्यावरून डोकावलो. पडदा आणि त्याच्याभोवतीची चौकट यांच्या बारीक फटीत, खालच्या कोपऱ्यात, तांदळाची अर्धी कणी अडकली होती. लाल. अक्षतेची. पडदा जरा हादरला की ती त्याला दाबत होती, आणि यंत्र तिला माणसाचं बोट समजत होतं. त्याच कोपऱ्यात 'बंद'चं चित्र होतं. मी बोलायला तोंड उघडलं. मास्तरांचं पाऊल माझ्या पावलावर पडलं आणि तिथंच राहिलं.

चिमट्यानं कणी निघाली आणि त्यांच्या डाव्या मुठीत गेली. मग मास्तर उठले आणि कधी नव्हे ते गिऱ्हाइकाच्या खांद्यावर थाप मारली. "बापूसाहेब, कारखान्यातनं सरळ आलाय न्हवं?"

"व्हय. का?"

मास्तर परत बसले, गिऱ्हाइकाकडं पाठ केली, एक रद्द पत्रिका फाडून पुडी बांधली आणि वळून ती उघडून समोर धरली. आत कापसाचं तूस होतं. ते बापूसाहेबांच्या खांद्यावरून आलं होतं, हे मी आणि भिंतीवरचे पेचकस सोडून कुणालाही कळलं नाही.

"ह्यो बिघाड. तुमच्या मागावरचा कापूस. अंगावर घेऊन घरला येताय अन् त्याच हातानं पडदा चोळताय. बसला फटीत जाऊन."

चाळीस मागांच्या आवाजावर आवाज चढवणाऱ्या माणसानं आपले हात उलटसुलट करून बघितले. "मग अव्वाचं कुंकू?"

"ते वर हुतं. पुसलं, गेलं. हात धुवून शिवत जावा."

बापूसाहेब जीप वळवायला गेले. मास्तरांनी रिमोट अव्वाच्या हातात दिला आणि हळूच म्हणाले, "अव्वा, फुडल्या खंडेनवमीला ह्याला नुसतं एक फूल ठिवा. अक्षता नगं." अव्वा त्यांच्याकडं बघत राहिली. मग तिच्या मुठीतला पदर सुटला.

ती गेल्यावर मी मास्तरांना धरलं. "पूजा तुम्ही करत नाही, आणि दुसऱ्याच्या पूजेसाठी खोटं बोललात?"

"पूजेचं मला कळत न्हाय," ते म्हणाले. "बिघाड कुठं हाय तेवढं कळतं. म्हातारीत नव्हता."

पुढच्या खंडेनवमीनंतर इचलकरंजीहून एक कारागीर आला आणि मास्तरांच्या टेबलावर झेंडूचं एक फूल ठेवून गेला. निरोप नाही, चिठ्ठी नाही. मग दर वर्षी ते फूल यायचं. मास्तर ते पाण्याच्या ग्लासात ठेवत आणि सुकेपर्यंत स्वतः ओंजळीनं पाणी पीत. एका वर्षी फूल आलं नाही. त्या दिवशी मास्तरांनी ग्लास विसळून टेबलावर ठेवला, आणि तो संध्याकाळपर्यंत रिकामाच राहिला.

नंतर दुरुस्तीचे दिवसच सरले. मास्तरांनी दुकान आवरलं आणि मलकापूरला लेकीकडं निघाले. जाताना माझ्या हातावर एक पुडी ठेवली. माझीच पत्रिका, नवरदेवाचं नाव अर्थातच चुकलेलं. आत लाल कणी.

"गिऱ्हाइकाला दिला न्हाय असा येवढाच एक बिघाड हाय. ठेव."

"मला का?"

"तू कुणाला सांगितलंस तरी खरं कोण मानतंय, छापखाना?"

मास्तर मलकापुरातच गेले. मी ही गोष्ट गावभर सांगितली आणि त्यांचा अंदाज बरोबर निघाला. म्हणून इथं बिनघोर छापतो आहे.

परवा इचलकरंजीला बापूसाहेबांकडं गेलो होतो. त्यांच्या हॉलमध्ये आता तिसरा रिमोट आहे, आणि त्याला साधी बटणं आहेत. पिक्चर लावायचा म्हणून ते उठले, मोरीत गेले, साबणानं कोपरापर्यंत हात धुतले, पुसले आणि मगच रिमोट उचलला. पुडी माझ्या खिशात होती. त्यांच्यापुढं मात्र आयुष्यात पहिल्यांदा मी एका गोष्टीबद्दल गप्प बसलो.