पटवून देण्याचा वर्ग

डोंबिवलीजवळच्या कोपरमधल्या एका सोसायटीत रचना तांबे मुलांना बोलायला शिकवतात. एकोणतीस वर्षं त्या आरोग्यसेविका होत्या. बाळाला लस द्यायला घाबरणाऱ्या आयांना दारोदार जाऊन राजी करायचं, हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर शेजारणीने मुलीची वक्तृत्व स्पर्धेची तयारी करून घ्यायला सांगितलं, तिथून हा शनिवारचा वर्ग सुरू झाला.

पाठांतर आणि हातवारे रचनाताईंना जमत नाहीत. पहिल्याच दिवशी त्या मुलांना सांगतात, "घरातल्या एका माणसाला एक गोष्ट पटवून द्या. मग पुढचं बघू."

अकरा वर्षांच्या सान्वीने आजोबांचा मोतीबिंदू निवडला. पोपटराव दोन वर्षं ऑपरेशन टाळत होते. सान्वीने पाच मुद्दे लिहिले आणि त्यांच्यासमोर उभं राहून घडाघडा म्हटले. आजोबांनी टाळ्या वाजवल्या आणि नाही म्हणाले.

"ताई, ते ऐकतच नाहीत," सान्वीने वर्गात तक्रार केली.

"त्यांनी ऐकलं की! तू त्यांचं ऐकलंस का? कशाला घाबरतात ते, विचारलंस?"

तिने विचारलं नव्हतं.

रविवारी ती आजोबांशेजारी नुसती जाऊन बसली आणि तिने तेच विचारलं. ते म्हणाले, "गावच्या परशुरामची नजर ऑपरेशननंतर गेली. त्याला हाताला धरून शेतावर नेताना मी बघितलंय."

"मला पण भीती वाटली असती," सान्वी म्हणाली. "आपण डॉक्टरांना नुसतं विचारून येऊया? त्यांना परशुरामआजोबांचं सांगू."

कल्याणच्या डॉक्टरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. महिन्याभराने पोपटरावांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं. दुसऱ्याचं ते अजून नको म्हणतात.

त्या वर्षी शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत सान्वीचा नंबर आला नाही. तिची आई, योगिनी, रचनाताईंकडे आली.

"ताई, बाबांच्या डोळ्याचं झालं ते चांगलंच झालं. पण तिला स्टेजवर उभं राहता आलं पाहिजे ना. डोंबिवली ईस्टला एक क्लास आहे, तिकडे घालतेय तिला."

रचनाताईंना वाईट वाटलं, तरी योगिनीचं म्हणणं चुकीचं वाटलं नाही. "स्टेज मला शिकवता येत नाही," त्यांनी सांगून टाकलं, आणि चहा ठेवायला आत गेल्या.