इब्राहिमचा डावा डोळा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. तुम्ही हसाल. वसंता आणि न सांगितलेलं काही? खरंय. मी पनवेलच्या नाक्यावर उभा राहिलो की पुण्याची मोटार माझी एक गोष्ट ऐकल्याशिवाय घाटाकडे वळत नाही, असं लोक म्हणतात — म्हणजे मीच म्हणतो, लोक नुसती मान डोलावतात. माझ्या थापा गावाला तोंडपाठ आहेत. पण ही एक — हीसुद्धा थापच, पण... थांबा. सरळ गेलो तर मधेच जीभ आखडेल. जरा लांबून येतो.

लढाई संपल्यावर लष्कराच्या मालाचे लिलाव झाले, त्यातून आमच्या धनाशेठनं एक विलायती मोटारसायकल उचलली. धनाशेठ मिठागरवाला, आगरी माणूस, हौसेला आडवं येणारं कुणी घरात नव्हतं. गाडी अशी की सुरू झाली की उरणच्या द्रोणागिरी डोंगरावरची माकडं कानात बोटं घालीत. तिच्यावर बसायला त्यानं मोहल्ल्यातला इब्राहिम निवडला. इब्राहिम माझा शाळेपासूनचा दोस्त. आणि मी? मी धनाशेठच्या संघाचं तोंड. शर्यतीच्या दिवशी बैलगाडीवर उभा राहून पत्र्याच्या भोंग्यातून लोकांना सांगायचं, कोण पुढं, कोण मागं, कोण वाळूत लोळला.

शर्यती उरणच्या किनाऱ्यावर. ओहोटीला तिथली वाळू फरशीसारखी घट्ट होते. लांबवर एक बांबू रोवलेला, त्याला डावीकडून वळसा घालून परत. मुंबई-पुण्याचे हौशी मालक आपापल्या गाड्या आणि पगारी रायडर घेऊन येत. करार कागदावर नसे. दसऱ्याला मालक रायडरच्या हातात पानाचा विडा ठेवी. विडा खाल्ला की शिमग्यापर्यंत तो त्या मालकाचा, मग समोरून कुणी सोन्याची गाडी आणली तरी नजर वळवायची नाही. संघ बदलायचा तर दसऱ्याच्या आधी. नवा मालक आपला विडा घेऊन यायचा, जुन्यानं हसून मोकळं करायचं.

इब्राहिमचं वळण मी हजार वेळा हजार तऱ्हांनी सांगितलंय. त्याच्या मागच्या चाकाची वाळू उडून घारापुरीच्या त्रिमूर्तीच्या सहाही डोळ्यांत गेली, हेही मीच पसरवलं. पण खरं काय होतं ते सांगू? — आता फुगवत नाही. बांबू जवळ आला की बाकीचे वेग तोडत. हा तोडत नसे. गाडी इतकी कलती व्हायची की त्याचा गुडघा ओल्या वाळूवर रेघ ओढायचा. डावा डोळा वाळूमुळं बारीक केलेला, मान जराशी वाकडी, चेहऱ्यावर घाई नाही, भीती नाही. नमाजाला बसलेल्या माणसासारखा शांत. त्या क्षणी भोंगा माझ्या तोंडाशी असायचा आणि तोंडातून शब्द फुटायचा नाही. माझ्या! कल्पना करा. किनाऱ्यावरचं सगळं माणूस गप्प व्हायचं. मग गाडी सरळ व्हायची आणि आम्ही सगळे एकदम श्वास सोडायचो. असं दुसरं काही मी जन्मात पाहिलेलं नाही.

एका वर्षी दसऱ्याच्या आधी पुण्याचे एक साहेब आले. त्यांच्याकडे नव्या कोऱ्या गाड्या, बंगलोर-मद्रासला जाणारा संघ, आणि जिंकत गेला तर पुढं बोटीनं विलायत. त्यांनी किनाऱ्यावर इब्राहिमचा सराव पाहिला आणि टोपी काढून हातात घेतली. धनाशेठचं मन मोठं. तो म्हणाला, "जा पोरा. तुज्या लायकीची गाडी माज्याकडं नाय. मी काय तुला मिठात पुरून ठेवू?"

इब्राहिम घरी गेला — आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून विडा घ्यायला यायचा होता. विडा साहेबांच्या चांदीच्या डबीत तयार होता. धनाशेठच्या पनवेलच्या गॅरेजात मी आणि साहेब दोघंच चहा पीत बसलो.

मी सुरू झालो, नेहमीसारखा. माकडं, त्रिमूर्ती, सगळं. साहेब पोट धरून हसले. एका शब्दावर विश्वास नाही, पण माणूस खूश. आणि मी बोलत असताना मला एकाएकी कळलं — हा गेला की मी काय सांगणार? कुणाचं सांगणार? बांबूचं? त्या रिकाम्या वाळूचं? मद्रासला त्याचं वळण दुसरंच कुणीतरी सांगणार. भोंगा दुसऱ्याच्या हातात.

दोस्ताचा विरह होता, असं म्हणू का? म्हणता आलं असतं. पण तसं नव्हतं. मला गोष्ट हवी होती, गोष्टीतला माणूस गेला तरी चालेल — छे, तो गेलेलाच तर चालत नव्हता.

मी पेला खाली ठेवला. आवाज उतरवला. आयुष्यात पहिल्यांदा हळू बोललो.

"साहेब, कुणाला सांगू नका. त्याला डाव्या डोळ्यानं दिसत नाही."

बस, एवढंच. एकही विशेषण नाही. साहेबांनी सराव पाहिलाच होता, बारीक केलेला डोळा, वाकडी मान. माझ्या खोट्याला त्यांच्याच नजरेनं टेकू दिला. जन्मभर मोठ्यानं थापा मारल्या, कुणी मानल्या नाहीत. ही एक कुजबुजलो आणि तिला पुराव्याची गरजच पडली नाही.

साहेबांनी डबी स्वतःकडे ओढून घेतली. "गरिबाच्या पोराला मी मरायला नेणार नाही," म्हणाले. "त्याला कारण सांगू नका, वाईट वाटेल." भला माणूस. मग त्यांनी डबी उघडली, विडा काढला आणि — स्वतःच्या तोंडात घातला. चावत चावत मोटारीत बसले.

इब्राहिम आला तेव्हा रस्त्यावर धूळ अजून खाली बसत होती. केसांना तेल, सदऱ्याला इस्त्री.

"गेले?"

"गेले."

तो हसला. "नसीब, यार," म्हणाला आणि सदऱ्याच्या बाह्या दुमडून गाडीची साखळी पुसायला बसला. दसऱ्याला धनाशेठचाच विडा त्यानं खाल्ला.

इथं थांबता आलं असतं. पण साहेब वाटेत ड्रायव्हरपाशी बोलले असावेत आणि त्यानं कुठंतरी चहा पिता पिता तोंड उघडलं असावं. पुढच्या शर्यतीला उरणला आलो तर किनाराभर तीच चर्चा. बायामाणसं, कोळी, मिठागरातले लोक माझ्या बैलगाडीला गराडा घालून उभे. "काय रं वसंता, पोराला एकाच डोल्यानं दिसतंय म्हनं? खरं हाय?"

हातात भोंगा होता. एक 'नाही' पुरला असता. भोंग्यातून नाही म्हणालो असतो तर पार मोऱ्याच्या बंदरापर्यंत ऐकू गेलं असतं. पण हजार माणसं तोंड वासून माझ्याकडे बघत होती, आणि असे डोळे समोर असले की मला काय होतं ते तुम्हाला माहीत आहे.

"खरंय!" मी ओरडलो. "एका डोळ्यानं! दुसऱ्या डोळ्यात त्यानं समुद्र ठेवलाय!"

काय गर्जना उठली! इब्राहिम त्या दिवशी जिंकला. लोकांनी त्याला डोक्यावर घेतला. एक म्हातारी मीठ-मिरची घेऊन पुढं आली, त्याच्यावरून उतरवून म्हणाली, "एका डोल्यानं एवरा करतंय माजा पोर, नजर नको लागाया." तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्यानं तिच्यापुढं मान वाकवली. मग गर्दीतून वाट काढत माझ्यापाशी आला, कानाशी वाकला.

"वसंता, कुठला सांगितलास रे? तो बारीक ठेवायला बरा."

मी म्हणालो, "डावा."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. क्षणभरच. पुण्याची मोटार, धूळ, विडा — सगळं त्यानं त्या एका क्षणात जुळवलं, हे मी पाहिलं. वळणावर जसा असायचा तसाच चेहरा. घाई नाही. मग हळूच डावी पापणी उतरवली आणि लोकांकडे वळून हात हलवला.

त्यानंतर कुठल्याच संघाचा विडा आला नाही. धनाशेठची गाडी थकली, शर्यती बंद पडल्या. इब्राहिमनं घाटातला ट्रक चालवायला मागितला, तर एकडोळ्याला घाटात ट्रक कोण देणार? मी एकदाच म्हणालो, "डॉक्टरकडून लिहून आण, दोन्ही शाबूत आहेत म्हणून." तो हसून म्हणाला, "आणि त्या म्हातारीचं मीठ-मिरची? ते लोक तुला खाडीत बुडवतील, मियाँ."

आता बाजारपेठेत त्याचं पंक्चरचं दुकान आहे. एका डोळ्याचा इब्राहिम म्हणून पोरं लांबून बघायला येतात. गिऱ्हाईक आलं की डावी पापणी खाली येते, इतक्या वर्षांची सवय. मी अजून नाक्यावर त्याची गोष्ट सांगतो. लोक टाळ्या देतात.

संध्याकाळी मी त्याच्या दुकानात जाऊन बसतो. तो ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत असतो. मला पाहतो, स्टूल पुढं सरकवतो, चहा सांगतो. दुकानात दुसरं कुणी नसेल तर त्याची पापणी उतरत नाही. माझ्यासमोर तो दोन्ही डोळे उघडे ठेवतो.